एका मिलिव्होल्टची बातमी

मागच्या महिन्यात ओपीडी संपता संपता बारावीतला एक मुलगा बुटांचा रिकामा खोका काखेत धरून दारात उभा राहिला. आजारी नव्हता. विज्ञान प्रदर्शनासाठी त्याने हृदयाचे ठोके पडद्यावर दाखवणारे यंत्र बनवले होते आणि ते 'खरे' आहे की नाही, हे त्याला डॉक्टरच्या तोंडून ऐकायचे होते. खोक्यात एक ब्रेडबोर्ड, नखाहूनही लहान चिप बसवलेली एक पट्टी, आर्डुइनोचा बोर्ड, तीन वायरी आणि तीन चिकट इलेक्ट्रोड. सगळे साहित्य ऑनलाइन मागवून हजार-दीड हजारात जमवलेले.

इलेक्ट्रोड माझ्याच अंगावर लावले. वायर लॅपटॉपला जोडली. पडद्यावर आली ती नुसती जाड, थरथरती पट्टी. मुलगा ओशाळला. मी म्हटले, "लॅपटॉपचा चार्जर काढ बरं." चार्जर निघाला आणि दोन-चार सेकंदांत ओळखीची नक्षी उमटू लागली. आधी एक बुटकी टेकडी, मग उंच सुळका, मग थोडी सपाट वाट, शेवटी एक रुंद उंचवटा. पुन्हा तेच.

"सर, चालते!" त्याचे डोळे चमकले. आणि लगेच पुढचा प्रश्न, "यानं अटॅक समजते का?"

हा प्रश्न आज त्या एकट्याचा नाही. मनगटावरचे घड्याळ ईसीजी काढते, मोबाइलला चिकटणारी पट्टी ईसीजी काढते, काही ठिकाणी संगणक स्वतःच तो वाचून निष्कर्षही सांगतो. लग्नाच्या वरातीत नाचताना कुणी कोसळल्याची चित्रफीत आली, की दुसऱ्या दिवशी 'असे यंत्र गावोगावी बसवा' अशी मागणी होते. मागणी चुकीची नाही. पण यंत्र आले म्हणजे प्रश्न सुटला, ही समजूत धोक्याची आहे. का, ते त्या मुलाच्या खोक्यापासूनच समजून घेऊ.

मुठीएवढ्या हृदयाची वीज

हृदय आकुंचन पावते ते विजेच्या इशाऱ्यावर. प्रत्येक ठोक्याआधी एक विद्युतलहर वरच्या कप्प्यांतून खालच्या कप्प्यांत उतरते. तिचा क्षीण पडसाद त्वचेपर्यंत पोहोचतो. तो किती क्षीण? साधारण एक मिलिव्होल्ट. भिंतीवरच्या घड्याळातला पेन्सिल सेल दीड व्होल्टचा असतो. म्हणजे त्याच्या दीड हजाराव्या भागाएवढा. आणि तो उंच सुळका टिकतो किती वेळ? निरोगी माणसात जेमतेम एका सेकंदाचा दहावा भाग.

इतका क्षीण आणि इतका क्षणिक संकेत पकडायचा, तोही गोंगाटात. आपल्या घरातली वीज सेकंदाला १०० वेळा दिशा बदलते आणि भिंतीतल्या वायरी, ट्यूबलाइट, चार्जर यांच्यामुळे ती आपल्या शरीरावरही स्पर्शाविना उमटते. कित्येकदा हृदयाच्या संकेताच्या शेकडो पट. रुग्ण थंडीने कुडकुडत असेल तर स्नायूंची वीज त्यात मिसळते. भरीला, इलेक्ट्रोडचा धातू आणि त्वचा यांच्या संपर्कातून तयार होणारा दाब वेगळाच. यात्रेच्या गर्दीत, लाउडस्पीकर चालू असताना, कुणीतरी कानात कुजबुजावे आणि आपण ते ऐकावे, असे हे काम.

त्या चिपमध्ये हे काम तीन पायऱ्यांत होते. पहिली पायरी वजाबाकीची. दोन इलेक्ट्रोडवर जे समान आहे, ते बहुतांशी बाहेरच्या विजेचे. ते वजा करायचे. जे वेगळे आहे, ते हृदयाचे, ते ठेवायचे. तिसरा इलेक्ट्रोड शरीराला उलट्या दिशेचा संकेत देऊन उरलासुरला गोंगाट दाबतो. दुसरी पायरी गुणाकाराची. उरलेला संकेत शेकडो पट मोठा करायचा. तिसरी पायरी चाळणीची. फार संथ आणि फार वेगवान चढउतार चाळून टाकायचे.

चार्जर काढल्यावर पट्टी का निवळली, हे आता लक्षात येईल. आणि एक सुरक्षेची गोष्टही. घरी बनवलेले कोणतेही असे सर्किट माणसाच्या अंगाला लावायचे असेल, तर ते फक्त बॅटरीवर चालवावे. भिंतीतल्या प्लगशी जोडलेल्या उपकरणाची वायर छातीवर लावू नये. रुग्णालयातल्या यंत्रात रुग्ण आणि मुख्य वीज यांच्यामध्ये विद्युतरोधक व्यवस्था असते. ती बुटांच्या खोक्यात नसते. शिक्षकांनी आणि पालकांनी एवढे तरी पाहावे.

सव्वाशे वर्षांची वाट

हीच कुजबुज ऐकण्यासाठी नेदरलँड्समधल्या लायडन शहरात विलेम आइंटहोवन यांनी गेल्या शतकाच्या सुरुवातीला जे यंत्र उभारले, त्याचे वजन पावणेतीनशे किलोच्या आसपास होते आणि ते चालवायला पाच माणसे लागत. चिकट इलेक्ट्रोड नव्हते. रुग्ण हात-पाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत बुडवून बसे, कारण खारट पाणी वीज चांगली वाहून नेते. आपल्या खारपाणपट्ट्यातल्या विहिरींचे पाणी तिथे उपयोगी पडले असते! चुंबकाच्या दोन ध्रुवांमध्ये ताणलेली अतिशय बारीक तार हृदयाच्या विजेने हलायची आणि तिची सावली फोटोपट्टीवर उमटायची. या कामासाठी आइंटहोवन यांना १९२४ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

त्यांनी आणखी एक गोष्ट केली, ती आपल्यासाठी जास्त महत्त्वाची. एवढे अवजड यंत्र रुग्णालयात नेणे शक्य नव्हते. म्हणून १९०५ मध्ये त्यांनी रुग्णालय आणि आपली प्रयोगशाळा टेलिफोनच्या तारेने जोडली. अंतर दीड किलोमीटर. रुग्ण तिकडे, आलेख इकडे. आज ज्याला आपण टेली-ईसीजी म्हणतो, ते तत्त्व एकशे वीस वर्षे जुने आहे.

आपल्या राज्यातही या वाटेवर काम झाले. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी हातात मावणारे, मोबाइलवरून आलेख पाठवणारे बारा लीडचे टेली-ईसीजी यंत्र विकसित केले. २०१६ मध्ये त्यांच्या क्रेडिट कार्डाएवढ्या यंत्राच्या बातम्या आल्या, तेव्हा किंमत सुमारे चार हजार रुपये सांगितली गेली होती. म्हणजे एक मिलिव्होल्ट पकडणे आणि लांब पाठवणे, या दोन्ही गोष्टी आता ना अवघड राहिल्या, ना महाग.

सुळका नव्हे, सपाट वाट

मग त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर 'हो' का नाही? दोन कारणे आहेत.

पहिले कारण चाळणीचे. नक्षीतला उंच सुळका सगळ्यांच्या डोळ्यात भरतो, पण हार्ट अटॅक बहुतेकदा दिसतो तो सुळक्यानंतरच्या सपाट वाटेत. आम्ही त्याला एसटी भाग म्हणतो. हृदयाची मुख्य रक्तवाहिनी गुठळीने पूर्ण बंद झाली, की ही वाट जमिनीवरून उचलली जाते. कधी दोन-तीन मिलिमीटर, कधी फक्त एक. कागदावरचा एक मिलिमीटर म्हणजे मिलिव्होल्टचा दहावा भाग.

हा बदल संथ असतो आणि स्वस्त सर्किटची चाळणी नेमका संथ भागच कापते. छंदापुरत्या बनवलेल्या अशा पट्ट्या साधारण अर्धा ते चाळीस हर्ट्झ एवढाच पट्टा ठेवतात. त्यात ठोके सुंदर मोजता येतात. निदानासाठीच्या ईसीजीला मात्र खाली ०.०५ आणि वर १५० हर्ट्झपर्यंत मोकळीक लागते. खालची मर्यादा अर्ध्या हर्ट्झवर आणली, की सपाट वाट कधी खोटीच उचललेली दिसते, कधी खरी उचललेली दबते. आलेख देखणा होतो, पण साक्ष बदलते.

दुसरे कारण दिशेचे. हृदयाला पुढची, मागची, खालची अशा भिंती आहेत. एका लीडचा आलेख म्हणजे घराकडे एकाच खिडकीतून पाहणे. आग मागच्या खोलीत असेल तर पुढच्या खिडकीतून सारे शांत दिसते. म्हणून रुग्णालयात बारा लीड काढतात. बहुतेक घड्याळे एकच लीड पाहतात. ठोक्यांची अनियमितता पकडायला, विशेषतः वरचे कप्पे बेताल थरथरतात त्या विकारात, घड्याळाचा उपयोग होतो. पण छातीत दुखत असताना घड्याळाने 'सामान्य' म्हटले म्हणून घरी बसणे म्हणजे जिवाशी खेळ.

याच चाळणीचा आणखी एक खेळ. पेसमेकर बसवलेल्या रुग्णाच्या ईसीजीत यंत्राने दिलेला इशारा एका बारीक उभ्या रेघेसारखा दिसायला हवा. तो इशारा टिकतो साधारण अर्धा मिलिसेकंद. सेकंदाला ५०० वेळा नोंद घेणारे यंत्र दर दोन मिलिसेकंदांनी डोळा उघडते; तेवढ्यात इशारा येऊन गेलेलाही असतो. म्हणून चांगल्या यंत्रांत या झटपट झटक्यांसाठी वेगळे, जलद सर्किट असते. झटका सापडला, की ते आलेखावर खूण करते. ही सोय नसेल किंवा बंद ठेवलेली असेल, तर चालू पेसमेकर 'बंद' वाटू शकतो. पेसमेकरचे कार्ड खिशात ठेवा, असे आम्ही रुग्णांना सांगतो त्याचे हेही एक कारण.

वेळ जाते कुठे?

समजा, यंत्र उत्तम आहे, बारा लीड आहेत, आलेख स्वच्छ आहे. तरीही जीव वाचतो तो आलेखामुळे नव्हे, त्यानंतर काय होते त्यामुळे.

बंद रक्तवाहिनीमागचा स्नायू मिनिटागणिक मरत जातो. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन जितके लवकर, तितका फायदा मोठा. १९९६ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या एका विश्लेषणाचा हिशेब असा, की हे औषध दुखणे सुरू झाल्यापासून पहिल्या तासात दिले, तर दर हजार रुग्णांमागे सुमारे ६५ जास्त जीव वाचतात. दोन ते तीन तासांच्या टप्प्यात दिले, तर सुमारे २६. औषध तेच, फरक फक्त घड्याळाचा.

आता आपल्याकडचे चित्र. भारतातल्या वीस हजारांहून अधिक रुग्णांचा 'क्रिएट' हा नोंदणी-अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दुखणे सुरू झाल्यापासून रुग्णालयात पोहोचेपर्यंतचा मध्यम वेळ ३६० मिनिटे होता. सहा तास! रुग्णालयात पोहोचल्यावर इंजेक्शनपर्यंतचा वेळ ५० मिनिटे. दोन्ही आकडे बोचणारे आहेत. पहिला समाजाला, दुसरा आम्हाला.

पहिल्या सहा तासांत काय होते, हे मूर्तिजापूर तालुक्यातल्या कुणालाही सांगायला नको. "गॅसच असन, साहेब. काल रोडगे न वांग्याची भाजी जास्त झाली." हे वाक्य मी नोकरीच्या प्रत्येक आठवड्यात ऐकले आहे. सोडा पिऊन होतो, ओवा चावून होतो, छातीला बाम चोळून होतो. पहाटे घाम फुटतो, मग गाडीची शोधाशोध.

आणि रुग्णालयातल्या वेळेचे काय? तिथली एक आठवण सांगतो. दुसऱ्या एका ठिकाणी नेमणूक असताना पहाटे एक पन्नाशीचा शेतकरी आला. दुखणे रात्री नऊचे. आम्ही लगेच ईसीजीचे यंत्र लावले आणि आली ती जाड, थरथरती पट्टी. त्या मुलाच्या पडद्यावर आली तशीच. रंगकामात अर्थिंगची वायर तुटली होती, कुणाच्या लक्षात आले नव्हते. छातीवर लावायच्या सहा रबरी फुग्यांपैकी दोन चिरलेले. पंखा बंद केला, ट्यूब बंद केली, यंत्र प्लगमधून काढून त्याच्या बॅटरीवर घेतले, फुगे बोटाने दाबून धरले. तिसऱ्या प्रयत्नात आलेख वाचता आला. वीस मिनिटे गेली होती. माणूस वाचला. पण हृदयाची ताकद निम्म्यावर आली. डवरणीला आता मुलगा जातो, हा बांधावर बसतो. तो मला अजूनही 'तुम्ही वाचवलं' म्हणतो, आणि मला त्या दोन फुग्यांची आठवण येते. त्या वीस मिनिटांचा दोष यंत्राचा नव्हता. ते रोज तपासायचे काम आमचे होते.

साखळी जोडली तर

ही साखळी जोडता येते, याचा पुरावा आपल्याच देशातल्या इतर राज्यांत आहे. तामिळनाडूत लहान रुग्णालये 'आरे' आणि अँजिओप्लास्टीची सोय असलेली मोठी रुग्णालये 'चाकाचा तुंबा', अशी बांधणी करून पाहिली गेली. लहान ठिकाणी ईसीजी, तो लगेच वाचला जाणे, गरज असेल तर तिथेच इंजेक्शन आणि मग रुग्णवाहिकेने पुढे. २,४२० रुग्णांच्या या अभ्यासाचे निष्कर्ष २०१७ मध्ये आले. वर्षभरातला मृत्यूचा वाटा १७.६ टक्क्यांवरून १४.२ टक्क्यांवर आला. म्हणजे दर शंभर रुग्णांमागे तीनहून अधिक जीव. नवे औषध नव्हते; दुवे जोडले होते. गोव्यातही बांबोळीचे वैद्यकीय महाविद्यालय केंद्रस्थानी ठेवून अशी योजना सुरू झाली आणि महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्य विभागानेही 'स्टेमी' नावाने हा प्रकल्प हाती घेतला.

आपल्या भागाला हे फार लागू पडते. मूर्तिजापूर महामार्गावर आहे, मुंबई-हावडा रेल्वेमार्गावर आहे; अकोला सुमारे चाळीस किलोमीटर, अमरावती त्याहून थोडे लांब. पण माना-कुरुमकडचा माणूस आधी मूर्तिजापूरला येतो, मग त्याला पुढे पाठवले जाते, पुढे पुन्हा केसपेपर, पुन्हा ईसीजी. अँजिओप्लास्टी निदानापासून दोन तासांत होण्यासारखी नसेल, तर इंजेक्शन आधी द्यावे आणि मग पुढे पाठवावे, हे आज सर्वमान्य सूत्र आहे. अर्थात ते सरसकट कुणालाही देता येत नाही. मेंदूत पूर्वी रक्तस्राव झालेला असेल, नुकतीच मोठी शस्त्रक्रिया झाली असेल, तर ते घातक ठरू शकते. म्हणून आलेख वाचणारा माणूस लागतोच, मग तो समोर असो की फोनच्या पलीकडे.

यंत्रखरेदीच्या बातमीला टाळ्या मिळतात, फोटो निघतो. अर्थिंगच्या वायरीचा फोटो कुणी काढत नाही. पण आपल्या रुग्णालयाबद्दल विचारायचे खरे प्रश्न साधेच आहेत. छातीत दुखणाऱ्या रुग्णाचा ईसीजी आल्यापासून दहा मिनिटांत निघतो का? रात्री दोन वाजता तो काढणारा कुणी आहे का? काढलेला आलेख कोण वाचतो आणि किती मिनिटांत? गुठळी विरघळवणारे इंजेक्शन आज, या क्षणी कपाटात आहे का? रुग्ण कल्याण समितीच्या बैठकीत लोकप्रतिनिधींनी आणि पत्रकारांनी हे चार प्रश्न विचारावेत. माझ्यासारख्यांना ते अवघडल्यासारखे होईल. होऊ द्यावे.

तुमच्या हातात काय?

छातीत मधोमध दाबल्यासारखे, आवळल्यासारखे दुखणे; ते डाव्या हातात, जबड्यात, पाठीत सरकणे; सोबत घाम, धाप, मळमळ. हे दहा-पंधरा मिनिटांहून अधिक टिकले, तर तो गॅस आहे असे स्वतः ठरवू नका. स्त्रियांमध्ये, मधुमेहींमध्ये आणि वृद्धांमध्ये दुखणे अगदी थोडे असू शकते, फक्त धाप आणि थकवा जाणवतो. १०८ ला फोन करा. मोटरसायकलवर मध्ये बसवून आणू नका, चालवू नका, स्वतः गाडी चालवत येऊ नका. ॲस्पिरिनची ॲलर्जी नसेल, रक्तस्रावाचा त्रास नसेल, तर १०८ वरच्या डॉक्टरांना विचारून ३०० मिलिग्रॅमची गोळी चावून खाता येते. दुखणे किती वाजता सुरू झाले ते लक्षात ठेवा. आमचा पहिला प्रश्न तोच असतो.

आणखी एक. पहिला ईसीजी चांगला आला म्हणजे सुटलो, असे नाही. सुरुवातीला आलेख अगदी सामान्य असू शकतो. दुखणे चालू असेल तर पंधरा-तीस मिनिटांनी तो पुन्हा काढावा लागतो, रक्ताची तपासणी करावी लागते. डॉक्टर थांबा म्हणाले तर थांबा. "नॉर्मल आहे ना, मग चाललो" म्हणून उठू नका.

तर त्या मुलाचे काय? मी त्याला सांगितले, की बाळा, तुझे यंत्र खरे आहे. ठोका ते नीट पकडते. अटॅक ते सांगू शकणार नाही, आणि तसे फलकावर लिहूही नकोस. मग आमच्या यंत्रावर काढलेला माझा बारा लीडचा आलेख त्याच्या आलेखाशेजारी ठेवून दोघांतला फरक दाखवला. सपाट वाटेकडे तो बराच वेळ पाहत राहिला.

जाताना म्हणाला, "यात काय सुधारणा करू, सर?"

मी म्हटले, "इलेक्ट्रोड सुटला तर लाल दिवा लागू दे. आणि पडद्याच्या कोपऱ्यात एक घड्याळ लाव. वायर जोडल्यापासून किती मिनिटं गेली, ते मोठ्या अक्षरात दिसलं पाहिजे."

प्रदर्शनात त्याला कितवा क्रमांक मिळाला, मला माहीत नाही. पण त्याच आठवड्यात आमच्या ईसीजीच्या यंत्राशेजारी भिंतीवर मी एक साधे घड्याळ लावून घेतले. खाली एक वही बांधली आहे. तिच्यात तीन रकाने: रुग्ण आला किती वाजता, ईसीजी निघाला किती वाजता, इंजेक्शन दिले किती वाजता. आणि रोज सकाळी पहिल्या ओळीत एक सही, अर्थिंग आणि सहाही फुगे तपासल्याची.